आधी अंगठा का?

योगनिद्रेत शवासनात पडलं, की सूचना सुरू होतात: उजव्या हाताचा अंगठा, मग तर्जनी, मधलं बोट, आणि असं करत लक्ष साऱ्या अंगावरून फिरवायचं. माझं सगळं कुतूहल त्या अंगठ्याभोवती आहे.

शवासन हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात आहे. आजची योगनिद्रा मात्र मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींची. तंत्रातल्या न्यासावरून, म्हणजे एकेका अवयवाला स्पर्श करत तिथे मंत्र ठेवण्याच्या विधीवरून, ती बेतल्याचं ते सांगत.

अभ्यासकांचा एक गट हे मानत नाही; तो पश्चिमेकडे बोट दाखवतो. शिकागोच्या एडमंड जेकबसनचं स्नायू शिथिल करण्यावरचं पुस्तक 1929चं. बर्लिनच्या योहानेस शुल्ट्झचं 1932चं. शुल्ट्झचा रुग्ण मनात घोकतो: हात जड झालाय, हात उबदार झालाय. योगनिद्रेतही जडपणा आणि ऊब आहेतच. शिवाय शुल्ट्झ एक छोटं निश्चयवाक्य मनात रुजवायला सांगतो. आपल्या पूजेतल्या संकल्पात तिथी, स्थळ, गोत्र येतं; योगनिद्रेतला संकल्प स्वतःबद्दलचं एकच वाक्य असतो. तो मला तरी बर्लिनचाच वाटतो.

पण अंगठा? जेकबसन मनगटापासून सुरू करतो, शुल्ट्झ अख्ख्या हातापासून. अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी हा क्रम करन्यासाचा, म्हणजे हाताच्या बोटांवरच्या न्यासाचा आहे, आणि तो पूजा सांगणाऱ्या कुठल्याही गुरुजींना पाठ असतो. म्हणून माझा कौल असा: जडपणा, ऊब आणि संकल्प जर्मनीचे, अंगावरून फिरण्याची वाट न्यासाची. सत्यानंदांनी दोन्ही जोडलं, आणि हे जोडकामच त्यांचं खरं कर्तृत्व.

न्यासाचा सख्खा भाऊ म्हणजे कवच. रामरक्षेत डोक्यापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली होतो. तिन्हीसांजेला दिव्यापुढे मुलांकडून ती म्हणवून घेणाऱ्या आजीला स्नायू सैल करायचे नव्हते, पोराची भीती घालवायची होती. या वाटेचं मूळ मला विश्रांतीपेक्षा रक्षणात दिसतं.

रक्षणाची हीच गरज अमेरिकेतही दिसली. 2006च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मिलर यांची योगनिद्रा वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांपर्यंत पोचली. तिचं नाव पुढे ‘आयरेस्ट’ झालं. युद्धाचा धसका बसलेल्या माणसाला नुसतं ‘सैल हो’ म्हणून भागत नाही. डोळे मिटले तरी तो पहाऱ्यावरच असतो. म्हणून मिलर यांच्या पद्धतीत अंगावरून लक्ष फिरवण्याआधी सुरक्षित वाटेल अशी एक आतली जागा शोधायला लावतात, आणि मध्येच घाबरल्यासारखं झालं तर तिथे परतायची मुभा असते. त्यांनी रामरक्षा ऐकली असण्याची गरज नाही. भेदरलेल्या शरीराला आधी कवच लागतं, आणि मुंगेरच्या योगनिद्रेत मागे पडलेला तो भाग सैनिकांसाठी पुन्हा घडवावा लागला, असं माझं ठाम मत आहे.