तंजावरची कृष्णधवल दृश्यचित्रे

तमिळनाडूतील तंजावर शहर, तेथील बृहदीश्वर मंदिर आणि भोवतालचा कावेरीचा सखल भातपट्टा यांची रंगविरहित छायाचित्रे. विशेषतः मोठ्या आकारात छापून, चौकटीत बसवून घराच्या भिंतीवर कलाकृती म्हणून लावली जाणारी. मराठी माणसाच्या मनात तंजावर आणि चित्र हे शब्द जवळ आले की सोन्याचा वर्ख, जाड उठावाची नक्षी आणि काचेचे खडे डोळ्यांसमोर येतात. त्या मानाने कृष्णधवल छायाचित्र ही केवळ नोंद, फार तर जुन्या काळाची आठवण मानली जाते. ही समजूत तंजावरच्याच पुराव्यावर टिकत नाही. येथील पहिल्या मोठ्या छायाचित्रांतच छायाचित्रकाराचा हात स्पष्ट दिसतो आणि भिंतीवरच्या जागेवर त्यांचा हक्क पोहोचतो तो त्या हातामुळे.

तंजावरचे शेवटचे भोसले राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप (१८२२–१९०२) याने येथे काम केले. तो मेणवलेल्या कागदाचे, सुमारे १२ बाय १५ इंचांचे निगेटिव्ह वापरी. असा कागद आधी तयार करून ठेवता येई, त्यामुळे उष्ण प्रदेशातील फिरतीत तो सोयीचा होता. मात्र त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवे असल्याने आकाश कोरे, पांढरे उमटे आणि झाडी काळवंडे. ट्राइपने हा दोष सोसला नाही. निगेटिव्हवर कुंचल्याने रंगद्रव्य लावून त्याने आकाशात ढग आणले, झाडांच्या पानांना उजळपणा दिला. छायाचित्र म्हणजे यंत्राने आपोआप घेतलेला ठसा, या आक्षेपाला याहून जुने उत्तर तंजावरात शोधण्याची गरज नाही.

यावर असे म्हणता येईल की हे काम सरकारी होते, घरासाठी नव्हते. हे खरेच आहे. मंदिराच्या जोत्याभोवतीचे चोळकालीन तमिळ शिलालेख त्याने २१ छायाचित्रे एकाशेजारी एक जोडून सुमारे १९ फूट लांबीच्या पट्टीत उतरवले, ते अभ्यासकांच्या सोयीसाठी. (याच मंदिरात तंजावरचे राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी लेखही आहे, ट्राइपची पट्टी त्याची नव्हे.) पण हेतू कचेरीचा म्हणून वस्तू कचेरीतच राहते असे नाही. दगडी लेखाची एवढी लांब पट्टी उजेडाच्या एकाच तोलात धरणे हा निव्वळ उपयोगाच्या पलीकडचा निर्णय आहे. सरकारलाही हा खर्च चैनीचा वाटला असावा: १८५९ मध्ये गव्हर्नर ट्रेव्हेलियन आल्यावर हे काम गुंडाळण्यात आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रिकाम्या प्राकारांचे, निर्मनुष्य तंजावर दाखवणारी ही चित्रे नव्या सत्ताधीशाची नजर घरात आणत नाहीत काय? काही अंशी आणतात. परंतु त्या रिकामेपणाचा एक भाग तंत्राचा आहे: दीर्घ एक्स्पोजरमध्ये चालता माणूस कागदावर उमटतच नाही. हे ठाऊक असलेला माणूस तीच चौकट अधिक सावधपणे पाहील. ती उतरवून ठेवण्याचे कारण त्यात नाही.

उरतो रंगाचा प्रश्न. तांबूस ग्रॅनाइट आणि हिरवीगार भातखाचरे यांतून रंग वजा केला तर उरले काय, असे विचारले जाते. उरते ती सावली, आणि १०१० च्या सुमारास पुरे झालेल्या, साठ मीटरच्या आसपास उंच विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, घडण वाचायला तीच लागते. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही अशी लोकसमजूत आहे. ती पडते, सकाळ-संध्याकाळी चांगली लांब पडते. तिरप्या उन्हात प्रत्येक थराखाली काळी रेघ धरते आणि तेरा मजल्यांची चढण मोजता येते. रंगीत चित्रात निळे आकाश आधी नजर ओढून घेते. आजचा छायाचित्रकार भिंगावर पिवळी किंवा नारिंगी काच लावून आकाश गडद करतो, तांबूस दगड उजळ करतो. ट्राइपने कुंचल्याने केले तेच काम ही काच करते.

घरात लावताना तंजावरी चित्राशी कृष्णधवल छायाचित्राची तुलना करणे बरे. फळीवरचे सोनेरी चित्र देवघरातल्या समईसाठी घडलेले. उजेड परतवणे हा त्याचा धर्म. कृष्णधवल छायाचित्राला बाजूने येणारा शांत उजेड मानवतो. दोन्ही एकाच भिंतीवर टांगली तर सोने जिंकते. एका निगेटिव्हवरून कितीही प्रती निघतात म्हणून त्या स्वस्त, हेही अर्धेच खरे. अन्सेल ॲडम्स हा अमेरिकी छायाचित्रकार मुळात पियानोवादक. तो निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रतीला वादन म्हणे. प्रत घेताना काळा किती खोल ठेवायचा, हा निर्णय दर वेळी नव्याने होतो. आम्लमुक्त पुठ्ठा, चित्राला न टेकणारी काच आणि थेट उन्हापासून आडोसा एवढे सांभाळावे. दमट हवेत काचेला चिकटलेली प्रत सहसा सुखरूप सुटत नाही.