राजशेखराचा काकुविचार आणि इमोजी

जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे गाव आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. महाराष्ट्राशी आपल्या कुळाचे नाते सांगणारा राजशेखर कनोजच्या प्रतिहारांकडून दहाव्या शतकात येथील युवराजदेवाच्या आश्रयास आला. त्याची ‘काव्यमीमांसा’ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रथम छापली गेली. तिच्यातील काकुविचाराला आज एक अनपेक्षित प्रयोजन लाभले आहे.

काकु म्हणजे अभिप्राय सुचविणारा स्वरविकार. रुद्रटाने काकुवक्रोक्तीला अलंकारांत स्थान दिले. राजशेखराने ते मान्य केले नाही. काकु हा पठनाचा धर्म आहे. मग तो अलंकार कसा ठरावा, असा त्याचा प्रश्न. हा वाद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. अलंकार लेखनात टिकतो, काकु उच्चाराबरोबर विरतो. ‘तू मोठा शहाणा आहेस’ हे वाक्य कागदावर एकच. ते कौतुक की उपहास, हे कंठ ठरवितो.

लेखनाला हा कंठ मिळवून देण्याची खटपट जुनी आहे. ‘ये की’, ‘ये ना’, ‘ये हं’ यांतील आग्रह, विनवणी आणि गोड बजावणी मराठीने इवल्याशा अव्ययांवर सोपविली. एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह रूढ झाले. १९८२ साली अमेरिकेत स्कॉट फालमन यांनी संगणकावरील संदेशांत थट्टा ओळखू यावी म्हणून विरामचिन्हांचाच आडवा हसरा चेहरा सुचविला. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी भ्रमणध्वनीसाठी १७६ चित्रे आखली. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. २०१० साली युनिकोडने अशा शेकडो चित्रांना संकेतांक दिले.

इमोजीला कोणी नवी चित्रलिपी म्हणतात, कोणी भाषेचा ऱ्हास, कोणी निव्वळ नटवेपणा. राजशेखराच्या दृष्टीने पाहता तो लिहिलेला काकु होय. म्हणूनच त्याचा अर्थ कोशात सापडत नाही. जोडलेल्या हातांचे चित्र मराठी संदेशांत कधी नमस्कार असते, कधी आभार, निधनवार्तेखाली शोक, तर वादाच्या शेवटी ‘आता पुरे’ असा कोपरापासूनचा दंडवत. शिवाय संकेतांक एक असला तरी निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चेहरा निराळा उमटतो; जणू संहिता तीच राहून वाटेत नट बदलावा. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, अगदी तेच चित्र पाहणाऱ्यांचेही त्यातील भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, याविषयी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या वेळी एकमत होत नाही.

काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद राजशेखर मानतो. साकांक्ष काकूला दुसऱ्या वाक्याची अपेक्षा असते. एकटा इमोजी बहुधा या पहिल्या जातीचा: मागचे बोलणे, पुढचे उत्तर आणि उभयतांचे नाते यांवाचून तो अपुरा राहतो. कंठातला काकु ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा चेहराही दिसे. चित्रातला काकु वाचणाऱ्यापाशी तेवढाही आधार नाही. त्यामुळे बोलणाऱ्याचे अर्धे काम आता वाचकाच्या अंगावर येऊन पडले आहे. एखाद्या कोरड्या हसऱ्या चेहऱ्यावरून मैत्री तुटते, तेव्हा दोष चिन्हाचा नसतो. साकांक्षाला निराकांक्ष समजून उत्तराआधीच निर्णय केला जातो, त्या घाईचा असतो.