सनदेपासून तबकडीपर्यंत

दादरा मुक्त झाले ते २२ जुलै १९५४ रोजी. सिल्वासा २ ऑगस्टला. त्या साहसाच्या कथा आपल्या घराघरांतून सांगितल्या जातात. मात्र या लढ्याचे एक पर्व कागदांवरही लढले गेले, याचे स्मरण क्वचितच होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने १७७९चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५च्या मराठी सनदा पुढे केल्या. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा अर्थ लावला : मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पावणेदोनशे वर्षांनंतरही ते शब्द वाचता आले, हे कागदाचे सामर्थ्य.

आज आम्ही वंशावळी, पत्रे, जमिनीचे दस्त संगणकात साठवतो. त्या साधनांचे आयुष्य किती? १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि मावत होती अवघी पन्नास लाख अक्षरे. पुढे १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी आली. मग जवळपास पाचशे फ्लॉप्यांचा ऐवज पोटात घेणारी सीडी. हार्ड डिस्क पुष्कळ साठवते, पण तिचे फिरते भाग एका धक्क्याने निकामी होतात. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर ऊन व उष्णतेने खराब होतो. पेनड्राइव्हमधील विद्युतभार वर्षानुवर्षे न वापरल्यास ओसरू शकतो. चुंबकीय फीत संथ, परंतु स्वस्त व टिकाऊ. म्हणून मोठी अभिलेखागारे आजही तिच्यावर विसंबतात.

तरीही खरा धोका साधन झिजण्यापेक्षा वाचक हरवण्याचा आहे. पेशवे दप्तरातील रुमाल शाबूत आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. तीच गत फ्लॉपीची : सोनीने २०११मध्ये तिची विक्री थांबवली, आणि आता ती घालायला यंत्रच सापडत नाही. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन उघडतो.

पूर्वी जीर्ण पोथीची नक्कल करून ठेवीत. तोच नेम येथेही पाळावा. मजकूर युनिकोडात असावा, प्रती दोन-तीन ठिकाणी असाव्यात, दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर उतरवाव्यात. आणि मूळ कागद? वाळवी-कसरीपासून जपून तो ठेवावाच. एखाद्या शब्दावर कधी काय अवलंबून असेल, हे आपल्या भूमीने एकदा पाहिले आहे.