बहुपथ अंकीय ध्वनिमुद्रणाचे संगणकीय जतन

बहुपथ अंकीय ध्वनिमुद्रणाचे संगणकीय जतन : एकाच संगीतरचनेतील निरनिराळे आवाज व वाद्ये स्वतंत्र पथांवर अंकीय स्वरूपात मुद्रित केल्यानंतर ते सर्व पथ, त्यांचे परस्परांतील कालसंबंध न बिघडवता, संगणकाच्या स्मृतीत उतरवून सुरक्षित ठेवण्याची क्रिया. अशा प्रत्येक पथास व्यवसायात ट्रॅक असे म्हणतात. सर्व ट्रॅकांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून श्रोत्यांसाठी द्विपथ मुद्रण तयार केले जाते. मिश्रणात एकजीव झालेले ध्वनी पुन्हा मूळ स्थितीत वेगळे करता येत नाहीत. २०१० नंतरच्या दशकात संगणकीय विश्लेषणाने असे विलगीकरण बऱ्याच अंशी साधू लागले; परंतु त्यातून मिळणारा ध्वनी अनुमानित असतो, मूळ नव्हे. म्हणूनच स्वतंत्र ट्रॅकांच्या जतनास महत्त्व आहे.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकन वादक लेस पॉल (१९१५–२००९) यांच्यासाठी अ‍ॅम्पेक्स कंपनीने १९५७ मध्ये आठ ट्रॅकांचे चुंबकीय फीतमुद्रक तयार करून दिले. आधीचे ट्रॅक ऐकत नवा ट्रॅक त्यांच्याशी तंतोतंत जुळवून मुद्रित करण्याची सोय त्यात होती. मात्र अशा सदृश मुद्रणात फितीची प्रत काढली, की प्रत्येक वेळी खरखर वाढे व स्पष्टता घटे. ध्वनीचे ठरावीक कालांतराने नमुने घेऊन त्यांची मूल्ये अंकांत नोंदविली, तर प्रत मूळासारखीच राहते, हे अंकीय पद्धतीचे मुख्य आकर्षण होते. जपानमध्ये डेनॉन कंपनीने १९७२ मध्ये चित्रफीत यंत्राच्या आधारे आठ मार्गांचा अंकीय मुद्रक वापरात आणला. अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम (१९३३–२००४) यांनी १९७५ मध्ये साउंडस्ट्रीम ही संस्था स्थापन केली. तेथे फितीवरील ध्वनी संगणकाच्या चकतीवर उतरवून त्याचे संपादन केले जाई. संगणकाकडे ध्वनी सोपविण्याची ही प्रथा त्या वेळी केवळ मोठ्या संस्थांनाच परवडणारी होती.

सामान्य संगीतकारांच्या घरापर्यंत अंकीय बहुपथ मुद्रण पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने अ‍ॅलेसिस कंपनीच्या एडॅट या यंत्रास दिले जाते. १९९१ मध्ये जाहीर झालेले हे यंत्र १९९२ मध्ये बाजारात आले. घरगुती व्हिडिओत वापरल्या जाणाऱ्या एस-व्हीएचएस कॅसेटवर ते आठ ट्रॅक मुद्रित करी आणि अशी सोळा यंत्रे जोडून १२८ ट्रॅकांपर्यंत मजल मारता येई. १९९३ मध्ये टॅस्कॅम कंपनीने हाय-८ कॅसेटवर चालणारे डीए-८८ हे प्रतिस्पर्धी यंत्र आणले.

माहितीचे आकारमान : मूळ एडॅटमध्ये प्रत्येक ट्रॅकासाठी सेकंदास ४८,००० नमुने घेतले जात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटांचा असे. त्यामुळे एका ट्रॅकास सेकंदाला ९६,००० बाइट व आठ ट्रॅकांस ७,६८,००० बाइट लागत. सु. ४० मिनिटांच्या एका कॅसेटवर अशा रीतीने सु. १८४ कोटी बाइट ध्वनिमाहिती मावत असे. त्या काळच्या घरगुती संगणकातील हार्ड डिस्कची धारणक्षमता बहुधा याच्या एक दशांशाइतकीही नसे. साहजिकच प्रारंभी जतनाचा उपाय म्हणजे दुसरे यंत्र जोडून दुसऱ्या कॅसेटवर प्रत काढणे, हाच होता. पुढे लिहिता येणाऱ्या सीडी स्वस्त झाल्या. तथापि एका सीडीवर ४० मिनिटांचे दोनच ट्रॅक पूर्ण मावत असल्याने एका कॅसेटसाठी चार सीडी लागत. ४७० कोटी बाइटांच्या डीव्हीडीवर मात्र दोन कॅसेटी मावू लागल्या.

स्थानांतरणाच्या पद्धती : फितीवरील ध्वनी संगणकात नेण्यासाठी प्रकाशीय तंतूची जोडणी वापरली जाते. एडॅटच्या एकाच तंतूतून आठही ट्रॅक एकाच वेळी वाहतात. याकरिता संगणकात त्याच प्रकारची जोडणी असलेले ध्वनिपत्र बसवावे लागते. फीत नेहमीच्या गतीनेच चालत असल्याने ४० मिनिटांच्या कॅसेटसाठी किमान ४० मिनिटे खर्ची पडतात. यंत्र व संगणक या दोहोंनी एकाच कालदर्शक स्पंदाचा अवलंब करणे अत्यावश्यक असते. दोघांची घड्याळे स्वतंत्र चालल्यास काही नमुने गळतात किंवा दोनदा नोंदले जातात आणि ध्वनीत टिचक्या ऐकू येतात. आठांहून अधिक ट्रॅक असतील, तर कॅसेटी एकामागून एक उतरवाव्या लागतात. अशा वेळी सर्वांचा आरंभबिंदू एकच न ठेवल्यास ढोलाचा ठेका व गायकाचा स्वर यांत अंतर पडते.

हार्ड डिस्कवर थेट मुद्रण करणारी यंत्रे आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. रोलँड कंपनीच्या १९९६ मधील व्हीएस-८८० या यंत्रातून झिप चकतीवर किंवा डॅट फितीवर प्रत काढता येई. परंतु माहिती कंपनीच्या स्वतःच्या संक्षेपित स्वरूपात असल्याने अशी प्रत इतर यंत्रांस वा संगणकास सहसा वाचता येत नसे. अ‍ॅलेसिसच्या २००१ मधील एचडी-२४ या चोवीस ट्रॅकांच्या यंत्रास संगणकाशी जोडण्याची सोय होती. तथापि चोवीस ट्रॅकांची माहिती सेकंदास १·८ कोटी बिटांहून अधिक, तर जोडणीची कमाल गती १ कोटी बिट; त्यामुळे प्रत काढण्यास मूळ वादनाच्या जवळजवळ दुप्पट वेळ तरी लागे.

जतनातील धोके : अंकीय प्रत अक्षय असते, हा समज अनेकांना महागात पडला. सदृश फीत जीर्ण होताना आवाज हळूहळू बिघडतो व धोक्याची सूचना मिळते. अंकीय फितीवरील किरकोळ दोष दोषनिवारक संकेतनाने भरून निघतात व ऐकणाऱ्यास पत्ताही लागत नाही. दोष मर्यादेपलीकडे गेले, की ध्वनी एकाएकी खंडित होतो. शिवाय फीत सुस्थितीत असूनही ती वाचणारे यंत्र न मिळणे हा दुसरा धोका होय. सोनी कंपनीने २००५ मध्ये डॅट यंत्रांचे, तर फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबविले. नवी यंत्रे नाहीत व जुन्यांची मुद्रणशीर्षे झिजलेली, अशा अवस्थेत कॅसेट केवळ जपून ठेवणे म्हणजे जतन नव्हे. तिसरा धोका सर्व ठेवा एकाच ठिकाणी असण्याचा. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत अनेक मूळ ध्वनिफिती नष्ट झाल्या. ही बाब २०१९ मध्ये वृत्तपत्रातून सविस्तर उजेडात आली. हानीच्या व्याप्तीविषयी मतभेद असले, तरी एकाच भांडारावर विसंबण्यातील संकट त्यातून स्पष्ट झाले.

सुरक्षित जतनाचे संकेत : प्रत्येक ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत सलग, शांततेच्या भागासह, वेव्हसारख्या सर्वमान्य स्वरूपात साठवावा, असा संकेत रूढ झाला आहे. युरोपीय प्रक्षेपण संघाने १९९७ मध्ये पुरस्कृत केलेल्या विस्तारित वेव्ह स्वरूपात मुद्रणाची आरंभवेळही नोंदविता येते. जागेची बचत करावयाची असल्यास एकही बिट न गमावणारे फ्लॅकसारखे संक्षेपण ग्राह्य मानले जाते. एमपी-३ सारखे ऱ्हासयुक्त संक्षेपण वर्ज्य होय. प्रतीची मूळाशी तुलना करणारी पडताळणी-संख्या सोबत ठेवावी लागते. किमान तीन प्रती, त्यांपैकी एक दूरच्या ठिकाणी आणि दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर स्थानांतरण, ही त्रिसूत्री व्यावसायिक व घरगुती अशा दोन्ही संग्रहांस लागू पडते. ट्रॅकांची नावे, वादकांची नोंद व नमुन्यांची वारंवारता लिहून न ठेवल्यास सुरक्षित राहिलेले मुद्रणही पुढील पिढीस निरुपयोगी ठरू शकते.