पिवळ्या पट्ट्याचा धडा

चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ साली सुरू केलेल्या लंडनच्या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनापुढे १९७७ साली एक साधीच अडचण उभी राहिली. मुख्य रिंगणातील दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांचे मन कसे रमवावे? हे काम प्रदर्शनाच्या समितीतील जॉन व्हार्ली यांच्याकडे आले. व्हार्लींना घोड्यांची आवड होती. घोडे ज्याप्रमाणे अडथळ्यांवरून झेप घेतात, त्याप्रमाणे कुत्र्यांनीही का घेऊ नये, असे त्यांच्या मनात आले. अनुभवी श्वानशिक्षक पीटर मीनवेल यांनी ही कल्पना प्रत्यक्षात उतरविली आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये ऑलिंपिया येथे कुत्र्यांच्या दोन संघांनी हा खेळ करून दाखविला. लोकांना तो इतका आवडला की, १९८० साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्यास अधिकृत मान्यता दिली. ‘अ‍ॅजिलिटी’ या खेळाचा जन्म तो हा असा.

घोड्याच्या शर्यतीत अडथळा ओलांडला की काम संपते. कुत्र्यांच्या या खेळात मात्र असे तीन अडथळे आहेत की, ज्यांवर चढावे लागते आणि पावले टेकीतच उतरावे लागते. पहिला ‘ए-फ्रेम’, म्हणजे कौलारू घराच्या छपराप्रमाणे एकमेकींना टेकविलेल्या दोन रुंद फळ्या. दुसरा ‘डॉग-वॉक’, म्हणजे चढाची, सपाट आणि उताराची अशा तीन अरुंद फळ्यांचा पूल. तिसरा, मुलांच्या बागेतील सीसॉसारखी झुलणारी फळी. या फळ्यांचा जमिनीलगतचा भाग वेगळ्या, बहुधा पिवळ्या रंगाने रंगविलेला असतो. कुत्र्याचे एक तरी पाऊल त्या पट्ट्यावर पडलेच पाहिजे. न पडल्यास पंच दोष धरतात. सीसॉवरून तर फळीचे टोक जमिनीला टेकण्यापूर्वी उतरताच येत नाही.

हा नियम पंचांच्या लहरीतून आलेला नाही. धावत्या कुत्र्याची नजर पुढच्या अडथळ्यावर खिळलेली असते. उंचावरून त्याने एकदम खाली झेप घेतली, तर सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. एकदा घडले तर निभावून जाते. सरावात शेकडो वेळा घडले तर सांधे त्याची किंमत मोजतात. म्हणून हा हातभर रंग म्हणजे जनावराच्या शरीराच्या रक्षणासाठी माणसाने आपल्याच खेळाला घातलेली मर्यादा होय. याच विचाराने पुढे अडथळेही ठेंगणे झाले. मोठ्या कुत्र्यांसाठी ए-फ्रेमची उंची प्रारंभी सुमारे १.९० मीटर असे. आंतरराष्ट्रीय नियमांनी ती १.७० मीटरवर आणली.

परंतु ही मर्यादा कुत्र्याला समजवावी कशी? तो रंग पंचांसाठी आहे. त्या रंगाचा अर्थ कुत्र्याला ठाऊक नसतो. आरंभीचे शिक्षक फळीच्या टोकाशी पळत जाऊन हाताने वा दरडावून कुत्र्याला थोपवीत. कोणी फळीच्या शेवटी कमान उभी करीत, म्हणजे कुत्र्याला वाकूनच जावे लागे. कमान काढली, किंवा मालक चार पावले मागे राहिला, की झेप पुन्हा ठरलेलीच! कुत्रा थांबत होता. का थांबायचे हे शिकत नव्हता.

या कोड्याची किल्ली मानसशास्त्रातच पूर्वीपासून पडून होती. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालीच एका लेखात दाखवून दिले होते की, योग्य कृती घडताच त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करावा आणि मागोमाग खाऊ द्यावा. मग जनावर ती कृती आपण होऊन पुन्हा करते. अ‍ॅजिलिटीच्या शिक्षकांनी हे तत्त्व उचलले आणि पाठ उलटा करून शेवटची पायरी आधी शिकविली. कुत्र्याला फळीच्या अगदी टोकाशी उभे करावयाचे, मागचे दोन पाय फळीवर व पुढचे दोन जमिनीवर, आणि तेथेच बक्षीस द्यावयाचे. हे ठाणे पक्के झाले की एकेक पाऊल वरून आरंभ करावयाचा. आता वरून धावत येणारा कुत्रा त्या ठाण्याकडेच ओढीने येतो.

थांबण्याने वेळ मात्र जातो. म्हणून दुसरी रीत निघाली. स्लोव्हेनियाच्या सिल्विया तर्कमन यांच्यासारख्या शिक्षकांनी ती नावारूपास आणली. तीत फळी आधी जमिनीवर सपाट ठेवतात. कुत्रा तिच्यावरून न उडता भरधाव धावला की बक्षीस. मग फळी हळूहळू उंच करीत न्यावयाची. या रीतीला महिनेच्या महिने लागतात. शिकविणाऱ्याची नजर एका पावलाच्या पडण्यावर रोखलेली असावी लागते आणि चुकीच्या वेळी दिलेला एक खाऊही चुकीचाच धडा शिकवितो.

रिंगणातील फेरी मिनिटभरात संपते. त्या मिनिटात कुत्र्याचे पाऊल पिवळ्या पट्ट्यावर पडले की नाही, हे पंच पाहतात. ते पाऊल चुकले, तर दोष कुत्र्याच्या नावावर मांडला जातो. परंतु त्याचे मूळ बहुधा शिकविणाऱ्याच्या उतावीळपणातच सापडते.