पदवीची पायरी : वडनेर भोलजीहून विद्यापीठाकडे पाहताना

मंडळी, आपलं वडनेर भोलजी नांदुरा तालुक्यातलं, महामार्गावरचं गाव. इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर आज विद्यापीठ अमरावतीचं. पण ते १९८३चं. त्याआधी नागपूरचं, तेही १९२३चं. त्याहीआधी वऱ्हाडातल्या हुशार मुलाला घर सोडून दूर जावं लागे. दादासाहेब खापर्डे शिकले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात.

आता अट काय होती, ते बघा. मुंबई विद्यापीठ १८५७चं, आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. झाले फक्त चार. त्यांतले दोन म्हणजे रानडे आणि भांडारकर. पुढे आपल्याकडे क्रम बसला तो असा : मॅट्रिक, दोन वर्षं इंटर, मग दोन वर्षं बी.ए. मधेच कुठे अडला, तर आधीच्या अभ्यासाला पदवी म्हणून काही किंमत नाही. ‘बी.ए. नापास’ ही ओळख त्यातूनच आली. सत्तरच्या दशकात दहा-अधिक-दोन-अधिक-तीन आलं. तरी अर्ध्यावर सुटलेला रिकाम्या हातानंच घरी यायचा.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं मोजमाप बदललं. आता श्रेयांक मोजायचे : तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एका वर्षावर थांबलात तर प्रमाणपत्र, दोनवर पदविका. नंतर परतही येता येतं.

पण एक सांगतो. प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. लग्न ठरलं, शेतीत नड आली म्हणून मुलीचं शिक्षण थांबवताना ‘प्रमाणपत्र मिळालं की’ असं म्हणू नका. दार उघडं आहे ते परत येण्यासाठी.