अलिबागची वेधशाळा आणि कानातला चुंबक

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाकडे कधी पाहिले आहे का? त्याच्या कानात इअरफोन असतात. इंजिनाची धडधड सुरू झाली की त्याचा अंगठा आपोआप आवाज वाढवतो. रेवसच्या धक्क्याला लागून इंजिन बंद पडते, आणि त्याच्या कानातले गाणे आपल्यालाही ऐकू येऊ लागते. तो मात्र आवाज कमी करायला विसरलेला असतो.

आम्ही या मार्गाने अनेकदा जातो, आणि दर वेळी आम्हाला अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवते. इअरफोनचा आणि वेधशाळेचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. संबंध दुहेरी आहे. दोन्हींच्या मुळाशी चुंबक आहे, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. हे क्षेत्र मुळात दुबळे, आणि त्यात दिवसभरात होणारे बदल तर त्याहून कितीतरी सूक्ष्म. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रॅमऐवजी विजेच्या ट्रॅम आणण्याचे ठरले. ट्रॅमचा विद्युतप्रवाह रुळांतून परत जातो, काही जमिनीतही झिरपतो. प्रवाह आला की त्याचे चुंबकीय क्षेत्र आलेच. त्या गोंगाटात पृथ्वीची कुजबुज ऐकू येणार कशी?

वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होते डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. त्यांनी मोजमापाची जागाच हलवली. कुलाब्याच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे सुमारे ३० किलोमीटरवरच्या अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. मुंबईत विजेची ट्रॅम धावली ती ७ मे १९०७ रोजी. तोवर अलिबागचे काम सुरळीत सुरू झाले होते आणि आजही ते चालू आहे.

मूस यांचा धडा एका वाक्यात सांगता येतो : गोंगाट वाढला तर त्याच्याशी चढाओढ करू नये, त्याच्यापासून दूर व्हावे. आता हा धडा हाती धरून कानाकडे वळू.

इअरफोनचा पूर्वज म्हणजे टेलिफोनचा कानाला लावायचा भाग. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट घेतले. चुंबकावर तारेचे वेटोळे आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा, अशी त्याची साधी रचना. वेटोळ्यातला प्रवाह बदलला की पडद्यावरची ओढ कमीजास्त होते, पडदा थरथरतो आणि आवाज होतो. १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरात बसून दोन्ही कानांना लावायचे अतिशय संवेदनशील हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकी नौदलाला विकले. त्यात चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तोललेली लोखंडाची छोटी पट्टी होती. ही पट्टी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती होती फक्त दीड किलोवॅट. ज्यांना महागडा सेट परवडत नसे त्यांच्यासाठी स्फटिक-संच असे. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर तारेचे टोक टेकवायचे आणि हेडफोन कानाला लावायचा. असा गॅलेनाचा शोधक वापरण्याचे पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्येच, म्हणजे अलिबागची वेधशाळा सुरू झाली त्याच वर्षी, मिळाले होते. या संचाला वीज लागत नसे आणि बॅटरीही लागत नसे. हवेतून आलेली रेडिओलहरींची ऊर्जा एवढेच त्याचे भांडवल. आवाज वाढवण्याची सोयच नव्हती. नीट ऐकायचे तर घरातल्यांना गप्प बसवावे लागे. म्हणजे नकळत सगळे मूस यांच्याच वाटेने जात होते.

ही शिस्त मोडली ती आवाज वाढवणाऱ्या यंत्रणेने. १९५४ मध्ये अमेरिकेत रीजन्सी कंपनीचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला. त्याला एका कानाचा इअरफोन जोडता येत असे. १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आखातातून परतणाऱ्या माणसांबरोबर रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले ‘टू-इन-वन’ आले आणि गाणे ओटीवर, अंगणात वाजू लागले. ते साऱ्या वाडीला ऐकू जाई. फार मोठे झाले तर आतून हाक येई, ‘अरे, बारीक कर तो आवाज!’

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे बारीक होऊन शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. एकट्यानेच ऐकत बसणे लोकांना उद्धटपणाचे वाटेल, अशी कंपनीला धास्ती होती! पुढच्या वॉकमनमधून हे बटण नाहीसे झाले. त्याबरोबर ‘बारीक कर’ म्हणणारे माणूसही नाहीसे झाले, कारण गाणे किती मोठे आहे हे आता बाहेर कोणाला कळतच नव्हते.

मग चुंबक आणखी लहान झाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका आणि जपानमध्ये निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा अतिशय प्रबळ चुंबक तयार झाला. त्यामुळे मसुराच्या डाळीएवढ्या तुकड्यावर पडदा हलवता येऊ लागला. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि शेकडो गाणी खिशात मावली. कॅसेटची बाजू संपली की ऐकणारा निदान थांबत असे, आता तेवढीही उसंत उरली नाही.

कानाच्या आत शंखाकार भागात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. मोठ्या आवाजाने मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीच्या. त्यामुळे ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. मुलाला ऐकू येते, पण नीट समजत नाही. आपण मात्र वर्गात त्याला ‘लक्ष कुठे आहे?’ असे विचारत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. ९० डेसिबलला उरतात जेमतेम ४ तास. लाँचमधल्या मुलाने गाणे इंजिनाच्या वर काढले, तेव्हा त्याला आवाज मोठा केल्यासारखे वाटलेच नाही. त्याला वाटले, आता कुठे नीट ऐकू येतेय.

मग इअरफोन कसा निवडावा? उत्तर मूस यांनी दिलेच आहे. १९९१ मध्ये श्रवणशास्त्रज्ञ मीड किलिअन यांच्या एटिमॉटिक कंपनीने कानाच्या नळीत घट्ट बसणारा इअरफोन बाजारात आणला. आत होती बाल्डविनचीच तोललेली पट्टी, पण त्याची खरी करामत बाहेरच्या बोंडात होती. असे बोंड नीट बसले तर बाहेरचा गोंगाट २० डेसिबलहून अधिक अडतो, आणि गाणे बारीक ठेवूनही स्पष्ट ऐकू येते. म्हणून किमतीआधी बोंडाचे माप पाहावे. आवाज खोलीतल्या शांततेत ठरवावा आणि प्रवासात तो वाढवू नये. वाढवावासा वाटला तर बोंड नीट बसलेले नाही असे समजावे. अर्थात रस्त्यावर, रेल्वेच्या फाटकापाशी कान असे बंद करणे जिवावर बेतेल. तिथे इअरफोन खिशातच बरा.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. टेबलावर होकायंत्र ठेवा आणि इअरफोन हळूहळू जवळ आणा. अगदी जवळ येईपर्यंत सुई ढिम्म असते, मग एकदम वळते. इवलासा चुंबक जवळ आला की अख्ख्या पृथ्वीच्या चुंबकत्वावर मात करतो. मुलांना विचारा, जवळ येण्याने चुंबकाचे बळ इतके वाढते, तर कानापासून बोटभर अंतरावर आलेल्या आवाजाचे काय होत असेल? उत्तर त्यांचे त्यांनाच शोधू द्या. आणि ‘बारीक कर तो आवाज’ असे म्हणणारे कोणी आता उरलेले नाही, हेही त्यांना आवर्जून सांगा. ते आता ज्याचे त्यानेच स्वतःला म्हणायचे आहे.